कमानीसमोरची शंभर पावलं

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, आणि नीरजाच्या आयुष्यात गेल्या आठ महिन्यांत जे काही बरं घडलं ते मंगळवारीच घडलं. लेणी बंद म्हणजे पर्यटक नाहीत, पर्यटक नाहीत म्हणजे त्यांना फिरवणारी बॅटरीची गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे तिचा ड्रायव्हर गोकुळ मोकळा. मग तो खुलताबादहून मोटारसायकल हाणत शहरात यायचा आणि सकाळी सहाला गारखेड्याच्या क्रीडा संकुलात धावपट्टीवर उतरायचा. नीरजा पावणेसहालाच तिथं येऊन बसलेली असायची. आपल्याला पळण्याचा नाद लागलाय, असं तिनं घरी सांगितलं होतं. तिचे वडील मुकुंदराव यांची सगळी नोकरी नोंदणी कार्यालयात कागद तपासण्यात गेलेली. त्यांनी पोरीचे बूट एकदा उलटे करून न झिजलेले तळवे पाहिले आणि बूट जागच्या जागी ठेवून दिले.

गोकुळ पळायला लागला की बाकीचे लोक आपलं पळणं थांबवून बघत राहायचे. उंच, काटक, खांदे सैल, पाऊल टेकल्याचा आवाज नाही. आणि असा हा माणूस दिवसभर लेण्यांपुढं जी गाडी चालवायचा ती त्याच्यापेक्षा हळू जायची. "चढाला तर उतरून ढकलावं वाटतं," तो म्हणायचा. हसायचा भरपूर. पण तो आला की कोपऱ्यातून कुणीतरी हमखास 'शॉर्टकट आला' असं म्हणायचं. तेव्हा हसू तोंडावर तसंच राहायचं, डोळ्यांतून मात्र निघून जायचं. नीरजा तेव्हा दुसरीकडं बघायची, कारण ते नाव त्याला तिच्यामुळं पडलं होतं. आणि हे तिनं त्याला अजून सांगितलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटदौड नावाची शर्यत. वेरूळहून सुटायचं, घाट चढून खुलताबाद गावातून जायचं आणि पुढचा घाट उतरून दौलताबादच्या किल्ल्याखाली संपवायचं. गोकुळ पहिला आला. गावानं त्याला खांद्यावर घेतलं, तालुक्याच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून त्याचं नाव जवळजवळ पक्कं झालं. आणि संध्याकाळी निकालाचा कागद बाहेर आला. प्रत्येकाच्या बुटाच्या नाडीला एक चिप बांधलेली असते. रस्त्यात आडव्या टाकलेल्या रबरी पट्टीवरून पाऊल गेलं की यंत्र टुक करतं आणि वेळ नोंदवतं. सुरुवातीच्या पट्टीवर गोकुळ होता, शेवटच्या पट्टीवर होता, खुलताबादच्या पट्टीवर नव्हता. गावात न शिरता बाहेरून जाणारा एक रस्ता आहे, त्यानं दोन किलोमीटर वाचतात. लोकांना एवढं पुरलं. पदक गेलं, दोन वर्षांची बंदी आली, चोर मास्तर नको म्हणून पालकांनी शाळेत अर्ज दिला, आणि दुसऱ्या नंबरवरचा सुयश पहिला झाला.

त्या कागदाखाली सही होती नीरजाची. शर्यतींची वेळ मोजणं हे तिचं काम. एक गोष्ट तिला तेव्हाच खटकली होती. दोन किलोमीटर वाचवणारा माणूस जितका लवकर पोचायला हवा तितका गोकुळ पोचला नव्हता. त्याची वेळ पुरा रस्ता पळणाऱ्याची होती. पण नियम म्हणजे नियम, पट्टी चुकली की माणूस बाद. तिनं सही केली आणि तेव्हापासून ती सही तिला बोचत राहिली. संकुलात गोकुळ दिसला तेव्हा एकदाचं खरं-खोटं बघू म्हणून ती त्याच्यामागं पळायला लागली. खरं-खोटं राहिलं बाजूला. तिला धाप लागली की तो 'मॅडम, तोंडानं नाय, नाकानं' म्हणून शिकवायचा, डब्यातली बाजरीची भाकरी अर्धी मोडून तिच्यापुढं धरायचा, आणि ती साफ त्याच्या प्रेमात पडली. त्यामुळं सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

"खुलताबादला नेमकं काय झालं होतं हो?" ती अधूनमधून विचारायची.

"काय होणार? गेलो की तिथून," तो म्हणायचा.

आता बंदी उठली होती आणि नवी घाटदौड रविवारवर आली होती. आयोजकांचे अध्यक्ष बद्रीनाथराव यांनी गोकुळला अर्ज भरू दिला, पण समोर बसवून बजावलं होतं. या वेळी एक पट्टी जरी चुकली तर जन्मभर कुठल्या शर्यतीचं तोंड बघायला मिळणार नाही.

आणि त्यातच चिठ्ठ्या यायला लागल्या.

पहिली गोकुळच्या बॅटरीच्या गाडीला खोचलेली मिळाली. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत: 'कमानीपाशी तू काय केलंस ते मी पाहिलंय.' आठ दिवसांनी दुसरी: 'रविवार जवळ आला. अजून वेळ गेलेली नाही.' आणि शर्यतीच्या आधीच्या सोमवारी तिसरी: 'तू बोलला नाहीस तर मला बोलावं लागेल.' तिन्ही हिरव्या कागदाच्या फाडलेल्या पट्ट्या. तिसरीच्या मागं छापील अक्षरांत एवढंच होतं: 'भिजवलेले बदाम पाच'.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, संकुलात न जाता खऱ्या रस्त्यावर सराव करायचं ठरलं होतं. नीरजा स्कूटर घेऊन वेरूळला आली तेव्हा गोकुळनं तिन्ही चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या. तिनं तिन्ही दोनदा वाचल्या.

"पोलिसांत द्या," ती म्हणाली.

"आन् काय सांगू? बदामाची धमकी आली म्हणून?" गोकुळनं चिठ्ठी उलटी केली. "मॅडम, धमकी देणारा माणूस बदाम कामून मोजंल?"

"खूण असेल काहीतरी. पाच म्हणजे पाच जणं असतील."

"मंग भिजवलेले कामून?"

ती हसली नाही. "कमान म्हणजे भद्रा मारुतीची ना? पट्टी तिथंच होती. खरं सांगा, तिथं काय केलंत तुम्ही?"

"कायच नाय केलं. आईची शप्पथ." पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भीती होती. "पण ह्या माणसानं रविवारी पट्टीपाशी कायतरी केलं तर? पुन्यांदा चुकली तर मी गेलोच, मॅडम. शॉर्टकट म्हणून आयुष्य नाय काढता यायचं मला."

तो पळायला लागला आणि ती स्कूटरवरून मागं निघाली. घाट त्यानं जिना चढावा तसा चढला. गावात शिरला. भद्रा मारुतीची कमान समोर दिसली तसा त्याचा वेग कमी झाला, तो वाकला, दोन झटक्यांत दोन्ही बूट काढले, दोन हातांनी छातीशी धरले, देवळाच्या दिशेनं मान झुकवली आणि तसाच अनवाणी पळत निघाला. मोजून शंभर पावलांवर लिंबाचं झाड आहे. तिथं बसला आणि बूट घालायला लागला.

नीरजानं ब्रेक दाबला तशी स्कूटर पडता पडता राहिली. कमानीसमोर जिथं तिनं पाय टेकला होता तिथंच त्या वर्षी पट्टी होती. पट्टीची जागा तिनंच ठरवली होती. सावली होती, आणि पेढ्याच्या दुकानातून यंत्राला वीज मिळत होती.

"हे काय केलंत?" ती लिंबाखाली जाऊन म्हणाली.

"काय केलं?"

"बूट काढलेत."

"मंग? देवाच्या दारावरून बूट घालून जाऊ? आमच्या घरातलं कुणीच जात नाय. आजोबा तर चालत्या बैलगाडीतून उतरायचे."

"शर्यतीतसुद्धा काढले होते?"

"काढणारच की. तवा देव रजेवर होता व्हय?"

नीरजा त्याच्यासमोर बसली. "अहो, चिप बुटाला होती. बूट छातीशी. पट्टी गुडघ्याच्या वरचं काही वाचत नाही. आणि छातीवरचा नंबर बुटांनी झाकलेला. म्हणून तुम्ही इथून जाऊनही गेला नाहीत. आठ महिने मी विचारतेय, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं, काय केलं म्हणून," तो गोंधळून म्हणाला. "बूट काढणं म्हणजे काय केलं म्हणतात का?"

आता मात्र तिला थांबता आलं नाही. "पट्टी इथं मी टाकायला लावली होती," ती म्हणाली. "आणि तुम्हाला बाद केलेल्या कागदावरची सही माझी आहे. मी वेळ मोजणारी आहे, गोकुळ. माझ्यामुळं झालं सगळं."

त्यानं बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. मग उठला, "रविवारी बघू," म्हणाला आणि तिच्याकडं न बघता पळत निघून गेला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. ती लिंबाखाली बसून मनसोक्त रडली, मग तोंड धुतलं आणि कामाला लागली, कारण रडून पट्टीवरची नोंद बदलत नाही.

बुधवारी तिनं कडूबाला फोन केला. त्या शर्यतीत पट्टीपाशी यंत्र सांभाळायला तोच बसला होता.

"एक माणूस गेला होता बघा अनवाणी, बूट पोटाशी धरून," कडूबा आठवून म्हणाला. "मला वाटलं दर्शनाला निघाला. लोकायला लई घाई राहते."

"तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नंबर इचारले होते. त्याचा नंबर कुठं दिसला?"

ती तडक बद्रीनाथरावांकडं गेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, तुझं पटतंय मला," ते म्हणाले. "पण तो अनवाणी माणूस गोकुळच होता, हे कशावरून? त्याला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आण, घरचा-गावचा नको. जुना निकाल मी माझ्या हातानं फाडतो."

"मग निदान या वेळी पट्टी पुढं सरकवू."

"पट्टी होती तिथंच राहील. हलवली तर लोक म्हणतील, शॉर्टकटची सोय केली."

तिथून बाहेर पडताना नीरजा पायरीवरच थबकली. कमानीपाशी तू काय केलंस ते मी पाहिलंय. म्हणजे पाहिलेला माणूस होता. ज्याच्या भीतीनं कालपासून तिची झोप उडाली होती, तोच माणूस आता तिला कुठूनही हवा होता. आणि गोकुळला ओळखायला तो रस्त्यावर, गोकुळच्या पाठोपाठ असायला हवा. पाठोपाठ होता सुयश.

सुयशचा गारखेड्यात पळण्याचा क्लास होता. दारावर भला मोठा बॅनर, 'घाटदौड विजेता', आणि गळ्यात पदक घातलेला त्याचा फोटो. गुरुवारी दुपारी नीरजा तिथं गेली तेव्हा तो एकटाच बसला होता. भिंतीवर हिरव्या कागदावर छापलेला आहाराचा तक्ता होता. पहिलीच ओळ: 'सकाळी उठल्यावर भिजवलेले बदाम पाच'. तिला हसू फुटणार होतं, ते तिनं गिळलं.

"ॲडमिशन का?" सुयशनं विचारलं.

तिनं तिसरी चिठ्ठी बदामाची बाजू वर करून टेबलावर ठेवली. सुयशच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"रविवारी मी कमानीपाशी बसणार आहे," ती म्हणाली. "बद्रीनाथरावही असतील. ज्याला बोलायचंय त्यानं तिथं बोलावं."

तो चिठ्ठीची दुमडलेली कड बोटानं सरळ करत राहिला. बाहेर पडताना तिनं बॅनर पुन्हा पाहिला. पदक घातलेला तो माणूस फोटोत हसत नव्हता. पण बोलला तर हा बॅनर जाणार, क्लास जाणार, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही.

शनिवारी दुपारी गोकुळ कामावर असताना ती खुलताबादला त्याच्या घरी गेली. त्याची आई चतुराबाई ओसरीवर तूर निवडत होती. नीरजानं पर्समधून काळा दोरा काढून तिच्यापुढं ठेवला.

"चिप बुटाऐवजी घोट्याला बांधली तरी नियमात बसतं," ती म्हणाली. "एवढं त्याला सांगा. बांधायची की नाही ते त्यानं ठरवावं."

"दोन वर्षं झाली," चतुराबाई म्हणाली, "एका माणसानं इचारलं नाय की बूट कुठं होते."

"तुम्ही तरी सांगायचं ना, मावशी."

"आता हे काय सांगायचं असतंय का? माझा पोरगा देवासमोरून अनवाणी गेला, आसं चारचौघांत मिरवायचं?" मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि नीरजाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू ती सहीवाली व्हय?"

"हो," नीरजा मान खाली घालून म्हणाली. मंगळवारी गोकुळनं सांगितलं असणार, असं तिला वाटलं. चतुराबाई उठली आणि भरपूर साखर घालून तिच्यासाठी चहा घेऊन आली.

रविवारी सकाळी नीरजानं स्वतःच्या हातानं कमानीसमोर पट्टी टाकली. दोन्ही बाजूंना गाव लोटलं होतं. 'शॉर्टकट बघायला आलोय' म्हणणारेही होते. बद्रीनाथराव खुर्ची टाकून पट्टीला लागून बसले. नीरजाची नजर वळणावर आणि बोट यंत्रावर. आपण त्याचं आयुष्य एकदा बिघडवलंय, दुसऱ्यांदा बिघडताना बघायला हीच जागा आपण धरून बसलोय, असं तिच्या मनात आलं.

वळणावर पहिला दिसला तो गोकुळ. मागं वीस पावलांवर सुयश. बाकी कुणी नाही. कमान आली, गोकुळचा वेग कमी झाला, तो वाकला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, अरे थांबतो काय. एक बूट निघाला, दुसरा निघाला, दोन्ही छातीशी गेले. पायमोजे घोट्यापर्यंत वर आलेले, खाली काय आहे ते दिसेना. मान झुकवून त्यानं पट्टीवर पाऊल टाकलं.

यंत्र टुक वाजलं.

पायमोज्याच्या कडेतून काळ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं तिला तेव्हा दिसलं. गोकुळ लिंबाकडं गेलासुद्धा. आणि एवढ्या वेळात सहज पुढं निघून जाऊ शकला असता तो सुयश पट्टीच्या अलीकडंच उभा होता. गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत, बद्रीनाथरावांकडं बघत.

"सर, मागच्या वेळीही हेच केलं त्यानं," तो सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडला. "असाच वाकला, बूट काढले, छातीशी धरले. मी एवढ्याच अंतरावर होतो. गोकुळच होता. तो इथूनच गेला, पुरा पळला. पहिला मी नव्हतो."

बद्रीनाथराव खुर्चीतून उठले.

"मग दोन वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?" बद्रीनाथरावांनी विचारलं. "आणि त्या चिठ्ठ्या?"

"माझ्याच. तो स्वतः सांगेल तर मला सांगावं लागणार नाही, असं वाटलं. तो काही सांगेचना." सुयशचा आवाज चिरकला. "लाज वाटली, सर. दुसरं काही नाही."

गोकुळ लिंबाखाली एका पायात बूट घालून बसला होता. सुयशचं ओरडणं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. नीरजा यंत्र कडूबाच्या हवाली करून त्याच्याकडं धावली.

"ऐकलंत?"

"ऐकलं." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "तुमाला एक सांगायचं राहिलं. सही तुमची हाय, हे मला पहिल्याच मंगळवारी कळलं होतं. संकुलाच्या रजिस्टरात वर तुमी सही केली, खाली म्या केली. तसली लांब शेपटीची सही आमच्या घरी मारुतीच्या फोटोमागं ठेवलीय. इसरंन कसा?"

"मग आठ महिने तुम्ही..."

"वाट बघत होतो. मी खोटा वाटलो आसतो तर ही बाई कामून आली आसती माझ्यामागं धापा टाकत? पण तुमच्या तोंडून यायला पायजे होतं. ह्या मंगळवारी आलं. मला राग नव्हता आला. रडू आलं, म्हणून पळालो."

त्या दोघांच्या शेजारून एक धावणारा पुढं गेला. मग दुसरा.

"अरे, पळ की आता," नीरजा म्हणाली.

"आता कसं 'अरे' निघालं," गोकुळ म्हणाला. नाडीला गाठ मारून उठला आणि मागं वळून हाक दिली, "चल रे सुयश, बदाम खाऊन माघं राहतो का?"

दौलताबादच्या उतारावर त्या दोघांनी पुढं गेलेल्यांना गाठलं. किल्ल्याखाली गोकुळ पहिला आला, अकरा सेकंदांनी. सुयश दुसरा आला, आणि फोटोत तोच जास्त हसत होता.

पुढच्या मंगळवारी नीरजा दुरुस्त केलेला जुना निकाल घेऊन खुलताबादला गेली. खुलताबादच्या रकान्यात जिथं नुसती आडवी रेघ होती तिथं आता लिहिलं होतं: 'अनवाणी गेला'. खाली सुयशची साक्ष, बद्रीनाथरावांचा शिक्का आणि तिची सही. शाळेतूनही, मास्तर म्हणून रुजू व्हा असा, सोमवारीच निरोप येऊन गेला होता. चतुराबाईनं चष्मा लावून कागद वाचला, मारुतीच्या फोटोमागचा जुना कागद काढला आणि दोन्ही शेजारी धरून बघितले.

"सही तीच हाय," ती समाधानानं म्हणाली. "तुझे वडील नोंदणीत होते म्हणं ना?"

"हो."

"मंग तिसरी सही कुठं न् कवा करायची, ते जाऊन त्यायला इचारून या दोघं."

गोकुळनं मोटारसायकल काढली. मुकुंदरावांसमोर काय बोलायचं याची तो वाटेत मोठ्यानं तालीम करत होता आणि दर वाक्याला अडखळत होता. कमान जवळ आली तसा त्यानं वेग कमी केला आणि मागं वळून सांगायला तोंड उघडलं. नीरजाच्या हातात तिचे बूट आधीच होते. तळवे बऱ्यापैकी झिजले होते.